खळग्यांतलं तेल

अर्धी वाट चालून झाली तरी धाकट्या जावेचं बोलणं संपेना. एकमेकांवर घासणाऱ्या धातूंमध्ये तेल कसं टिकेल, हे ती कॉम्प्युटरवर गणित मांडून आधीच सांगते. धातूवर बारीक खळगे पाडले की त्यांत तेल साठतं आणि झीज कमी होते, म्हणे. सासूबाई हे आल्यागेल्याला ऐकवतात. माझ्या राबण्याचं कोणी नावही काढत नाही, म्हणून माझा नुसता जळफळाट होतो.

"ताई, मागच्या चाचणीत बेअरिंग जाम झालं," ती म्हणाली. "गणितात मी खळग्यांच्या कडा गुळगुळीत धरल्या होत्या. खऱ्या धातूवर त्या वर आलेल्या निघाल्या. आता सुधारलंय, पण उद्याची चाचणी फसली तर हे काम माझ्याकडून जाईल."

ऐकून मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"सासूबाईंना सांगितलंस?"

"कसं सांगू? त्यांनी मला डोक्यावर बसवलंय."

"मग उतर की जरा खाली."

ती हसली. मग चालता चालता थांबली. देवापुढे हात जोडताना मी तिला कधी पाहिलेलं नाही.

"उद्या पूजेला बसाल, तेव्हा माझ्यासाठी मागाल का, ताई? अगदी मनापासून?"