वकिलाचा गिअरबॉक्स

काही घरांत धूळ साठते, आमच्या मधू वकिलाच्या घरी किस्से साठतात. एक झाडून काढावा तोवर दारात दुसरा उभा!

सध्या निमित्त गाडीचं आहे. निवृत्त झाल्या झाल्या वकिलानं एक जुनी कॅम्पर व्हॅन आमच्या हुबळीच्या केशवापुरात आणली. आत पलंग, गॅसची शेगडी, फुलाफुलांचे पडदे. "हिला गोकर्ण दाखवणार!" असं बायकोबद्दल गल्लीभर सांगून झालं. वहिनींनी बिचारीनं बॅगही भरली.

पण तिसरा गिअर टाकला की सुटायचा. म्हणून धारवाडला जाताना वहिनी गिअरचा दांडा दोन्ही हातांनी दाबून बसल्या. नवनगरच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातून ओळखीची बाई ओरडली, "अक्का, ड्रायव्हिंग शिकायलाय की काय?"

वहिनी म्हणाल्या, "नाही हो, संसार करायलेय!"

*

"गिअरबॉक्स उघडायला काय अक्कल लागते?" वकील म्हणाला. खरंच लागली नाही. अंगणात सगळा उघडून ठेवला.

मग आमच्यातला विद्वान, प्रोफेसर जोशी, मदतीला आला. त्यानं प्रत्येक चक्रावर खडूनं नंबर घातले. आणि संध्याकाळी स्वतःच सगळी चक्रं डिझेलमध्ये बुडवून स्वच्छ घासली!

"नंबर?" मी विचारलं.

"आता मूलभूत विचार करावा लागेल," प्रोफेसर म्हणाला.

*

झिजलेली चक्रं बदलली, बॉक्स बंद केला. बाहेर एक रिंग उरली.

वकिलानं ती चष्म्याखालून पाहिली. "उरली म्हणजे गरज नव्हती. होती असं म्हणणं असेल, तर रिंगनं सिद्ध करावं!"

*

ट्रायलला गल्ली जमली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली. वकिलानं पहिला गिअर टाकला आणि गाडी झोकात मागे गेली. थेट प्रोफेसरच्या स्कूटरवर!

आत एक मोठं चक्र उलटं बसलं होतं. पुढचे सगळे गिअर मागे नेत होते आणि रिव्हर्स पुढे.

वकील खाली उतरला, आडव्या स्कूटरकडे बघून म्हणाला, "ही इथं कुणाच्या परवानगीनं लावली?"

*

शेवटी जुन्या हुबळीतल्या गॅरेजला जायचं ठरलं. ढकलत न्यायला वकिलाची इज्जत आडवी आली. मग काय, रिव्हर्स टाकून निघाला, पुढे! मी त्याच्या शेजारी. वहिनी मागे पलंगावर बसल्या, कारण "नवरा कुठवर जातो ते बघायचंय."

आधीच्या मालकानं रिव्हर्सला आरतीची धून जोडलेली. ती सुरू झाली ती थांबेचना! बैलगाडीच्या चालीनं आरती वाजवत आम्ही बाजारातून निघालो. लोक बाजूला होऊन हात जोडू लागले. एकानं चप्पलसुद्धा काढली.

जुन्या हुबळीच्या तोंडाशी एक म्हातारी फूलवाली झेंडूचा हार घेऊन आडवी आली. कन्नडमध्ये तिनं विचारलं, "अण्णा, देवरु एल्लि?" देव कुठाय?

जन्मभर कोर्टात बोललेला माणूस! त्यानं नुसता अंगठा मागे केला.

म्हातारीनं पडदा सारला, वहिनींच्या गळ्यात हार घातला आणि वाकून नमस्कार केला.

वहिनींनी क्षणभर नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. मग पाय पलंगावर घेतले, मांडी घातली आणि उजवा हात वर केला.