समुद्राकाठी गंगाघाट

शेजारचे फिटरकाका कुठलीही वस्तू आधी बोटांनी वाजवून बघत आणि मग म्हणत, "बघू, जमतंय." टीव्हीवर त्यांनी परदेशातली मोटारींची शर्यत पाहिली. समुद्राकाठच्या त्या मैदानात प्रेक्षकांच्या डोक्यावर तंबूच्या आकाराची छपरं होती. "त्यांनी त्यांच्या वाळवंटातले तंबू उभारले, आपण आपला गंगेचा घाट बांधू," काका म्हणाले, आणि आमच्या मंडळाचा गणपतीचा देखावा ठरला. निळ्या कापडाचा समुद्र, त्याच्या काठाने पळणाऱ्या छोट्या मोटारी, आणि बघणाऱ्यांना बसायला फळ्यांच्या रुंद, काळ्या दगडासारख्या रंगवलेल्या पायऱ्या.

"काका, शर्यतीत घाट कुणाला कळणार? पलीकडच्या गल्लीतले हसतील," मी कुरकुरलो. ते पायरी वाजवत राहिले.

पहिल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी आल्या. देखावा बघताना एरवी कुणी चपला काढत नाही. मावशींनी मात्र गंगेवर उतरताना काढतात तशा खालच्या पायरीशी काढल्या आणि वर जाऊन ऐसपैस बसल्या. मागच्यांनीही काढल्या.

मोटारी सुटल्या, टाळ्या कडाडल्या. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते चपलांच्या ढिगाकडे बघत होते.

"कळला रे," ते मला म्हणाले आणि आपल्याही चपला त्या ढिगात काढून रुबाबात पायऱ्या चढले.