नाझारेनो खानावळ निवडतो

आमच्या शेजारच्या मीर्ताकडे एक लाल लिपस्टिक आहे आणि एक काळा ड्रेस आहे, पण दोन्ही एकाच दिवशी तिच्या अंगावर आजवर कुणी पाहिलेली नाहीत. त्याला कारण तिचा नवरा, नाझारेनो बेर्तोल्दी. रोसारिओत माणूस जन्मतो तो निळा-पिवळा तरी असतो नाहीतर लाल-काळा. शहर एक, फुटबॉलचे क्लब दोन, आणि तिसरी जात आमच्याकडे नाही. नाझारेनो निळा-पिवळा, तोही हाडापर्यंत. एकदा दातांच्या नव्या डॉक्टरकडे गेला, तर तिथली खुर्ची लाल, तिचे हात काळे. गडी दारातूनच परत फिरला आणि आठवडाभर सुजलेला गाल घेऊन हिंडला. "क्लबवर एवढं प्रेम," मीर्ता मला म्हणाली, "की स्वतःच चेंडू झालाय."

हे एक खूळ सोडलं तर इतका गुणी शेजारी शोधून सापडायचा नाही. गल्लीत कुणी सुट्टीवर गेलं की त्यांच्या कुंड्यांना पाणी हाच घालतो, आणि घालताना झाडांशी बोलतो. ऑफिसात धान्य वाळवायच्या यंत्रांची ड्रॉइंग करतो. कानामागे पेन्सिल कायम. मीर्ता म्हणते, झोपेतही कूस बदलली की पेन्सिल आधी सांभाळतो. माझा नवरा एलिसेओ त्याच कंपनीत हिशेब बघतो, म्हणून तिथलं सगळं माझ्या कानावर येतं.

तर गेल्या वर्षी ही कंपनी ब्राझीलमधल्या एका कंपनीने विकत घेतली. मुख्य ऑफिस त्यांच्या गावात, पोर्तो अलेग्रेला. आणि या शरदात बातमी आली की इवोनेची शेफर नावाच्या तिकडच्या मोठ्या बाई दोन माणसं घेऊन येताहेत. ड्रॉइंगचा विभाग रोसारिओत ठेवायचा की उचलून तिकडे न्यायचा, हे ठरवायला. विभाग गेला तर नाझारेनोलाही जावं लागणार, नाहीतर घरी बसावं लागणार. पन्नाशी उलटलेला माणूस, पराना नदी दिसली नाही तर त्याला भूक लागत नाही. चार दिवस तो कुंड्यांशीसुद्धा बोलला नाही.

वर डायरेक्टरने त्याला बोलावून सांगितलं, "बेर्तोल्दी, पाहुण्यांना न्यायची पारिशा, भट्टीवरच्या मांसाची चांगली खानावळ, तू ठरवायचीस. लोक ब्राझीलच्या दक्षिणेकडचे आहेत, निखाऱ्यावरचं मांस त्यांना आपल्याइतकंच कळतं. शोभा होऊ देऊ नकोस. तू आणि एलिसेओ बायकांनाही घेऊन या, जरा घरगुती वाटेल."

"शोभा कसली?" नाझारेनो संध्याकाळी आमच्या दारात उभा राहून सांगत होता. "चुचोकडे नेतो की!"

मी आणि मीर्ताने एकमेकींकडे पाहिलं. चुचोची पारिशा म्हणजे निळ्या-पिवळ्यांचं देऊळ. भिंतीवर जुन्या जर्सी, काउंटरमागे कप, छताला पताका. मांस मात्र कुणाला आठवत नाही, कारण सगळे भिंतीकडे बघत जेवतात.

"आधी आपण जाऊन खाऊन बघू," मीर्ता म्हणाली. "भिंतीकडे पाठ करून."

गेलो चौघं. चुचोने नाझारेनोला मिठी मारली, मोठी प्लेट आणली. नाझारेनोने पहिला घास तोंडात टाकला आणि चावायला लागला. आमचं सॅलड संपलं. पाव संपला. एलिसेओने वाइन दुसऱ्यांदा ओतली.

"जाड्या," मीर्ता म्हणाली, "अजून तोच घास आहे का रे?"

"उत्तम आहे," नाझारेनो म्हणाला. निदान तसं काहीतरी म्हणाला, तोंड भरलेलं होतं.

"मग डोळ्यांत पाणी कशाचं?"

"अभिमानाचं."

एलिसेओ हसता हसता खुर्चीवरून घसरायचा राहिला. घरी जाताना कोपऱ्यावर तो थांबला आणि जे नाव आम्हा तिघांच्या मनात केव्हाचं होतं ते बोलून मोकळा झाला. "नाझारेनो, या शहरात भट्टी एकालाच येते. रोमुलोला."

रोमुलो फाचेन्दिनी. लाल-काळा. लाल-काळ्यांचा ढोल वाजवणारा.

नाझारेनो पांढराफटक पडला. "त्याच्या उंबऱ्यात पाय ठेवण्यापेक्षा..."

"पेक्षा काय?" मीर्ता म्हणाली. "पोर्तो अलेग्रेला जाऊन राहशील? नदीशिवाय? माझ्या आईला बरोबर घेऊन? ती येणार आहे हं, मी विचारलंय तिला."

"मला विचार करू दे."

"विचार करायला काय लागतंय, तुला नोकरी हवीय की नकोय?"

दुसऱ्या दिवशी तो रोमुलोकडे जागा सांगायला गेला. टोपी काढून, गळ्यातली क्लबची साखळी शर्टाच्या आत सारून, काळा चष्मा लावून. आकाश भरून आलेलं होतं आणि हा काळ्या चष्म्यात. रोमुलो दारातच निखारे हलवत होता. त्याने मान वर केली आणि गल्ली दणाणेल असा ओरडला, "अरे हा तर बेर्तोल्दी! आमचा गोल झाला की कुंपणाला डोकं आपटणारा!"

"मला सहा जणांची... आठ जणांची जागा हवीय. गुरुवारी." नाझारेनो जमिनीकडे बघत म्हणाला.

"आठ? ऐंशी सांगितलेस तरी करीन! तुला माझ्या सगळ्यात मोठ्या झेंड्याखाली बसवतो. तू चावताना मला बघायचंय, बाळा. आयुष्यात दुसरी इच्छा नाही."

हे सगळं नाझारेनोने घरी येऊन सांगितलं तेव्हा मीर्ताला हसू आवरेना, आणि तो सोफ्यावर आजारी माणसासारखा आडवा. "मला त्या झेंड्याखाली ताप भरेल," म्हणाला. "भरू दे," मीर्ता म्हणाली, "मांस गरमच चांगलं लागतं."

गुरुवार उजाडला. नाझारेनोने अंगावर कोट चढवला आणि आत, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, निळी-पिवळी बनियन. आम्ही सगळे रोमुलोच्या दारापाशी पोचलो तेव्हा टॅक्सीतून शेफर बाई उतरल्या. साठीच्या, उंच, केस आखूड, नखशिखांत निळा सूट, गळ्यात निळा रुमाल. त्यांची दोन माणसं मागे. बाईंनी सगळ्यांच्या गालाला गाल लावला, छान हसल्या, दाराकडे वळल्या आणि तिथेच थबकल्या. एक पाय पुढे, एक मागे.

आत छतापासून जमिनीपर्यंत लाल आणि काळं होतं. टेबलावरच्या कापडासकट.

त्यांच्या दोन माणसांनी एकमेकांकडे असं पाहिलं की आम्ही समजलो, हे पहिल्यांदा होत नाहीये.

"सेन्योर बेर्तोल्दी," बाई पोर्तुगीज वळणाच्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "आत लाल आहे."

"आहे, सेन्योरा," नाझारेनो म्हणाला. "दुर्दैवाने."

"आमच्या गावातही दोनच रंग असतात. मी निळी. माझे वडील निळे, आजोबा निळे. मी लाल भिंतीखाली जेवत नाही. माफ करा, पण मी लाल गाडीतही बसत नाही."

डायरेक्टरने कपाळाला हात लावला. नाझारेनोच्या चेहऱ्यावर मात्र जे काही पसरलं ते मी लग्नाच्या दिवशीही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. "मीही नाही, सेन्योरा!" तो ओरडलाच. शर्टाची दोन बटणं सोडून त्याने बनियन दाखवली. "आयुष्यात नाही!"

बाईंनी बनियन नीट पाहिली. मग भुवया वर गेल्या. "मग मला इथे कशाला आणलंत?"

आता आली पंचाईत. नाझारेनोने डायरेक्टरकडे पाहिलं, मीर्ताकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. आणि फार बारीक आवाजात म्हणाला, "कारण शहरात सगळ्यात चांगलं मांस इथे मिळतं."

त्याच्या मागे रोमुलो हातात चिमटा घेऊन उभा होता, ते त्याला माहीत नव्हतं.

"काय म्हणालास?" रोमुलो म्हणाला.

"ऐकलंस तू."

"मी ऐकलं. पण माझी आई आत सॅलड चिरतेय, तिला जरा कमी ऐकू येतं. एकदा मोठ्याने म्हण ना."

"रोमुलो, मी तुझ्या पाया पडतो..."

"मोठ्याने!"

नाझारेनोने डोळे मिटून सांगितलं. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी शिट्टी मारली. आतून म्हातारीचा आवाज आला, "कोण बोलतोय तो? जेवायला घाला त्याला, बिचारा!"

त्यानंतर रोमुलोने कुणाला काही विचारलं नाही. आतलं सगळ्यात लांब टेबल त्याने आणि एलिसेओने उचलून बाहेर आणलं, झाडाखाली. लाल कापड ओढून काढलं, त्यावर खाटकाचा साधा तपकिरी कागद अंथरला. "फुटपाथ नगरपालिकेचा आहे, सेन्योरा," म्हणाला. "त्याला रंग नाही. बसा."

बाई बसल्या. मग बरगड्या आल्या, आतडी आली, कडेने कुरकुरीत आणि आत लोण्यासारखी, वाटीत चिमिचुर्रीची हिरवी चटणी आली. सगळ्यांच्या बाह्या वर गेल्या. नाझारेनोने पहिला घास घेतला, आणि या खेपेला फार चावावं लागलं नाही. तो रडवेला झाला.

"आम्ही मीठ जरा जाडं घालतो," बाई म्हणाल्या.

"घालत असाल, सेन्योरा," रोमुलो नम्रपणे म्हणाला. "चुका सगळ्यांच्याच हातून होतात."

त्यांचा एक माणूस ठसकला. बाई एवढ्या हसल्या की निळ्या रुमालाने डोळे पुसावे लागले.

आमच्याकडे जेवण संपलं की भट्टीवाल्यासाठी टाळ्या वाजवतात; घरी असो की बाहेर, त्याशिवाय कुणी उठत नाही. सगळ्यांनी वाजवल्या. नाझारेनोचे हात मांडीवर चिकटलेले. मीर्ताने टेबलाखालून लाथ मारली, ती मला लागली. शेवटी बाईच त्याच्याकडे वळल्या. "मी वाजवतेय," म्हणाल्या, "आणि तुम्ही?" तेव्हा त्याने वाजवल्या. आधी बोटांनी, मग तळव्यांनी, मग उभा राहून. रोमुलोने चिमटा छातीशी धरून राजाला करावं तसं वाकून दाखवलं.

डायरेक्टरने घसा साफ केला. "सेन्योरा, ड्रॉइंग विभागाचं..."

"हो, ते," बाई काटा खाली ठेवत म्हणाल्या. "ज्या माणसाला शत्रूचंही माप खोटं सांगता येत नाही, त्याची ड्रॉइंग मला चालतील. पण पोर्तो अलेग्रेला मी त्याला नेणार नाही."

"का?" नाझारेनोच्या तोंडून निघून गेलं. मीर्ताने कपाळावर हात मारून घेतला.

"कारण आमच्याकडची चांगली पारिशाही लाल लोकांची आहे," बाई म्हणाल्या. "आजपर्यंत हे मी कुणाजवळ कबूल केलेलं नाही. तुम्ही आलात तर महिन्याभरात अख्ख्या गावाला सांगाल. तुम्ही आणि तुमचा विभाग, इथेच बरे."

नाझारेनो उठला आणि एकेकाला पकडून गालावर मुका द्यायला लागला. बाईंना, त्यांच्या दोन माणसांना, डायरेक्टरला, एलिसेओला, मला, मीर्ताला दोनदा. त्याच भरात टेबलाला वळसा घालून त्याने रोमुलोलाही धरलं आणि दोन्ही गालांवर एकेक ठेवून दिला, आणि मग आपण काय केलं ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"आई!" रोमुलो आत ओरडला. "साबण आण!"

"दोन आणा!" नाझारेनो म्हणाला.