काकांचा पासवर्ड

डांबरगोळ्यांचा वास आला की कोपर स्टेशनजवळच्या काकींचं कपाट आठवतं. दहावी अर्धवट सोडून आलेली मी त्यांच्याकडे पोळ्या करायचे. गावी आई अंथरुणाला खिळलेली, आणि माझ्या साध्या फोनवर तिचा चेहरा दिसायचा नाही, म्हणून काकींनी कपाटातून वारलेल्या काकांचा फोन काढला. दुसऱ्याला वस्तू साफ करूनच द्यावी, म्हणून दुकानात आतलं सगळं पुसून रीसेट केला, तर तो काकांच्याच खात्याचा पासवर्ड मागायला लागला. काकींनी लग्नाची तारीखसुद्धा टाकून बघितली. "काकी, ज्याचं खातं त्यालाच कंपनी उघडून देते," दुकानदार म्हणाला. "अरे, ते कुठून येणार आता? बिल भरून घेतलाय ना आम्ही!" काकी म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. आईने आधी काकींनाच हात जोडले. तेच तिला शेवटचं बघणं. आज माझ्या फोनचा पासवर्ड मी काकींना सांगून ठेवलाय. मी अचानक गेले तर तोही असाच बंद पडून राहील, अशी उगाच भीती वाटते.