द्वारकामावशीचा हात वर जायलाच हवा होता

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर असलेल्या द्वारकामावशीवर अन्याय झाला. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या ओपीडीत, आम्हा दोघींचे टाके काढले तेव्हा. मी शेजारच्या स्टुलावर होते, म्हणून ठामपणे सांगते.

डॉक्टरांनी मला फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामाचे उपचार, लिहून दिली. रिकन्स्ट्रक्शनची, म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी नवा उभारण्याच्या शस्त्रक्रियेची, सगळी माहिती दिली. मग मावशीकडे वळून म्हणाले, "आजी, हात जपा. वजन उचलू नका."

मावशीने विचारलं, "वर कधी जाईल हात?"

डॉक्टर हसले. "या वयात हात वर करून करायचंय काय? आराम करा आता."

मी एकोणतीस वर्षांची, ती सहासष्टची. ऑपरेशन तेच: मास्टेक्टॉमी, म्हणजे अख्खा स्तन काढणं. माझा डावा, तिचा उजवा. गाठ दोघींनाही आंघोळ करताना हाताला लागली होती. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याचा, रिपोर्ट आला तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. मावशीने म्हणे रिपोर्ट ऐकला आणि सुनेला विचारलं, कारल्याचे वेल तारेवर घेतले का?

मला तिचा हेवा तिथूनच वाटायला लागला.

वॉर्डात आमच्या खाटा शेजारी होत्या. दोघींनाही ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी. मी नळी आणि बाटली ओढणीखाली लपवायची. ती बाटली हातात घेऊन बाजाराला निघाल्यासारखी पॅसेजभर फिरायची. कुणी टक लावून पाहिलं की आपणहून सांगायची, "काढून टाकलं. तीन लेकरं पाजली, लय काम झालं त्याचं."

मी कुणालाच पाजलं नव्हतं. मी पडदा ओढून घेतला.

बाईच्या शरीरावर बाईचाच हक्क, अशी पत्रकं गंगापूर रोडवर वाटणारी मी. आणि स्वतःची छाती बघायला तयार नाही. हे मावशीला कुणी शिकवलं होतं? एकही पत्रक न वाचता तिला जमतं आणि मला जमत नाही, याचा मला संताप यायचा.

गणपती उठल्यावर मी तिच्या मळ्यात गेले, मखमलाबादच्या पुढे. पाहते तर मावशीचा हात गळ्यात टांगलेला. सुनेने डॉक्टरांचा शब्द पाळला होता. हात जपा म्हणाले, म्हणून मोडलेल्या हाताला करतात तशी जुन्या लुगड्याची झोळी बांधली, दिवसरात्र. वाईट कुणीच वागलं नव्हतं. पण खांदा आखडला होता. हात छातीच्या वर जाईना.

तिकडे मुलाने ठरवून टाकलेलं. "आईला आता झेपायचं नाय. औंदा शेवटचा मांडव, फुडल्या साली मका."

कारल्याचा वेल मांडवाच्या तारांवर चढवतात. फळ डोक्यावर लोंबतं, तोडायला हात वर लागतो. मांडव गेला की मावशी कायमची ओट्यावर. आणि हे तिला कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन ओपीडीत उभी राहिले. "यांना फिजिओथेरपी का नाही?"

डॉक्टर म्हणाले, "त्यांनी मागितली नाही."

"मागितली होती. तुम्ही हसलात."

त्यांनी मान खाली घालून चिठ्ठी लिहिली. खालच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी झोळी सोडवली. म्हणाल्या, "हळूहळू, पण रोज. नाही हलवला तर खांदा असाच राहील. हाताला सूज आली, जड वाटला, तर लगेच यायचं. त्याला लिम्फिडीमा म्हणतात, हातात पाणी साठून राहणं." व्यायाम साधा होता. भिंतीवर बोटांनी वर वर चढत जायचं. मावशी म्हणाली, भिंत कशाला, मांडवाचा खांब हाय की.

त्याच दिवशी मळ्यात परतल्यावर मी तिला प्रोस्थेसिस, म्हणजे ब्लाउजमध्ये ठेवायचा कृत्रिम स्तन, दिला. माझ्याकडचा जास्तीचा, कापसाचा. तिने घातला, चप्पल घालायला वाकली, तो सरकून थेट गळ्याशी आला. सून तोंडाला पदर लावून हसली. मावशी तर खाली बसली हसून.

"घे बाई तुझं बोचकं. या बाजूनं मस्त वारं लागतंय मला."

मला हसू आलं नाही. माझं बोचकं मी झोपतानाही काढत नव्हते.

नवरात्रात पुन्हा गेले. मावशी मांडवाखाली होती. एक बाजू सपाट, ब्लाउज घामाने भिजलेला, आणि उजवा हात वर तारेशी. खांदा दुखत असणार, ओठ दाबलेले दिसत होते. तिने कारलं तोडलं, पाटीत टाकलं आणि मला विचारलं, "तुझा कुठवर गेला गं पोरी?"

"कानापर्यंत."

"एवढ्या दिसांत कानापतूरच? भाषणं ठोकत बसली आसशील."

फिजिओथेरपीच्या खोलीत भिंतभर आरसा आहे, म्हणून मी जातच नव्हते. हे तिला कसं सांगायचं? माझ्या देखत तिचा मुलगा आला, पाटी उचलली आणि सैल झालेली तार ओढून घट्ट करू लागला. मक्याचं नाव त्याने काढलं नाही.

मला ती अजून खुपते. गाठ पुन्हा येऊ नये म्हणून पुढची पाच वर्षं घ्यायच्या गोळ्या दोघींना सारख्याच आहेत. तिची तोंडात टाकून होते, माझी घशात अडकते. पण आता मी रोज व्यायामाला जाते. आरशाकडे पाठ करून का होईना, जाते. एका सहासष्ट वर्षांच्या बाईला हरवायचंय मला. तिने मला हेवा करण्याजोगं काहीतरी दिलं, याबद्दल तिचे आभार मानते.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या घरात साठी ओलांडलेली कुणी बाई हे ऑपरेशन करून आली असेल, तर आज तिच्यासमोर उभे राहा आणि विचारा: हात कुठवर जातो? जात नसेल, तर उद्या सकाळी तिला घेऊन दवाखान्यात जा. "या वयात कशाला" असं ज्यांनी म्हटलं त्यांच्यासमोर बसा, आणि फिजिओथेरपी लिहून मिळेपर्यंत उठू नका.