शून्य दिवसांचा उशीर

आपली अक्कल किती, हे आपल्याच तोंडानं सांगायचं म्हणजे जिवावर येतं हो! पण चहा तुम्ही पाजताय, तर ऐका.

साल दोन हजारच्या आसपासचं. वाटूरला धान्याच्या गोदामाचं बांधकाम चाललेलं आणि मी तिथला इंजिनिअर. रोज जालन्यातल्या मस्तगडहून एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. कंबरेचा पार भुगा! साहेबांनी शब्द दिला होता, "गोदाम वेळेवर करा, जालन्याच्या ऑफिसात बसवतो." त्या बदलीवर माझा जीव अडकलेला.

त्यातच कामाचं नियोजन करायचं सॉफ्टवेअर आलं. पहिल्या ठरलेल्या तारखा 'बेसलाइन' म्हणून जपायच्या, दर शनिवारी चालू तारखा भरायच्या. दोन्हींतला फरक म्हणजे उशीर. सोपं आहे ना? मलाही तसंच वाटलं!

मी शनिवारी नव्या तारखा भरायचो आणि बेसलाइनही नव्यानं जपून ठेवायचो. कॉम्प्युटर बिचारा दर वेळी विचारायचा, आधीची पुसू का? पूस बाबा, मला सहाची गाडी गाठायचीय!

झालं. पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा, पत्र्यांचा पत्ता नव्हता, तरी कागदावर उशीर शून्य! साहेब फक्त उशिराचा तो शेवटचा रकाना वाचायचे आणि खूश व्हायचे. मला वाटलं, कॉम्प्युटर सगळं सांभाळून घेत असेल.

मग साहेबांनी माझे गवंडीच उचलले.

"राजूरचं काम मागं पडून राह्यलं. तुमचं बराबर हाय."

"साहेब, पण भिंती अजून..."

"शून्य हाय ना? मंग?"

गवंडी राजूरला गेले आणि मी सहाची गाडी गाठली!

ठरल्या तारखेला साहेब गोदामाचं कुलूप घेऊन आले. कुलूप! आणि इथं दार सोडा, वर छप्पर नव्हतं.

"खरा उशीर किती झाला?" साहेब ओरडले.

मला काय माहीत? पहिल्या तारखा मीच पुसलेल्या!

तेव्हा कामावर मागं राहिलेले आमचे रफिक मिस्त्री हळूच पुढे आले आणि त्यांनी सिमेंटची पोती ठेवायच्या खोलीची भिंत दाखवली. कोळशानं सगळ्या तारखा लिहिलेल्या.

"पहिल्याच दिवशी लिव्हल्या, साहेब. पाया बारा दिवस लेट, भिंती तर अजून चालूच. आपण बिलकुल पुसलं न्हाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "आजपासून रिपोर्ट मिस्त्री देतील. तुम्ही भिंतींवर पाणी मारा."

तेव्हापासून दर शनिवारी मिस्त्री साहेबांच्या जीपमधून जालन्याच्या ऑफिसात जायचे. आणि मी ओल्या पँटीनं फाट्यावर सहाच्या एसटीची वाट बघत उभा. तीसुद्धा लेट!