कड्यावरची मादी

फॉर्मलिनची बाटली उघडली, की आजही मला साठच्या दशकातला वेल्समधला तो समुद्रकडा आठवतो.

कीटकनाशकांमुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ होतात, हे मला माझ्या प्रबंधात सिद्ध करायचे होते. साउथहॅम्प्टनच्या रुग्णालयात प्रसूतितज्ज्ञ असलेले बाबा सुट्टी काढून सोबत आले होते. कपारीत तीन अंडी होती. दोन मादीच्याच वजनाने चिरडलेली, तिसऱ्याला तडा. मी कवच मोजले, फुटक्या अंड्यातला गर्भ फॉर्मलिनमध्ये ठेवला आणि ओरडले, "बाबा, कागदासारखं पातळ! माझं काम झालं!"

"तुझं झालं गं. तिचं काय?"

आम्ही दूर जाऊन बसलो, तशी मादी परतली आणि तडकलेल्या अंड्यावर पिसे फुलवून अलगद टेकली. वाऱ्याला मेंढ्यांचा ओला वास होता.

"किती दिवस बसेल?" बाबांनी विचारले.

"तीन आठवडे तरी. त्यातून काही निघणार नाही, पण बसेल." वहीतून मान वर न करता मी तत्परतेने, खणखणीत उत्तर दिले. त्या आवाजाची मला आता लाज वाटते.

वॉर्डमध्ये बाळ गमावलेल्या बाईच्या खाटेजवळ बोलावे, तसे बाबा म्हणाले, "मग जरा हळू बोल."